झोप कमी, प्रश्न फार

काही मुलं कमी झोपतात आणि जागी असतात तेवढा सगळा वेळ शिकत असतात. तिसऱ्या वर्षी ती दुकानांच्या पाट्या वाचू लागतात. पाचव्या वर्षी शून्याच्या अलीकडे काय असतं, हे विचारतात, आणि तेही रात्री साडेअकराला. कोलकात्यात राहणाऱ्या मराठी घरातल्या मुलाच्या कानावर तर सकाळपासून मराठी, बांगला, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषा पडतात. रस्त्यावर तीन लिप्या दिसतात. अशा मुलाच्या बुद्धीला खाद्याची कमतरता नसते. कमतरता असते ती विश्रांतीची, त्याच्या आणि त्याच्या आईवडिलांच्याही.

नातेवाईक कौतुक करतात, शेजारी सल्ले देतात, आणि आईवडील दोन टोकांमध्ये सापडतात. 'याला अजून शिकवायला हवं' हे एक टोक, 'याला आता झोपवायला हवं' हे दुसरं. माझं मत असं, की या मुलाला शिकवणाऱ्यापेक्षा प्रश्न समोर ठेवून बाजूला होणाऱ्या माणसाची गरज जास्त असते. त्याची रात्र मात्र मोठ्यांनीच राखावी लागते. असं बाजूला होण्याचा उत्तम दाखला कोलकात्यातच आहे.

घरातली जमीन

सत्येंद्रनाथ बोस यांचा जन्म १ जानेवारी १८९४ रोजी कोलकात्यात झाला. पुढे १९२४ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनला आपला शोधनिबंध पाठवला आणि त्यांचं नाव विश्वातल्या कणांच्या एका संपूर्ण जातीला मिळालं. त्यांच्या लहानपणीची गोष्ट अशी. वडील सुरेंद्रनाथ ईस्ट इंडियन रेल्वेत नोकरीला होते. कामावर निघण्यापूर्वी ते घरातल्या जमिनीवर गणितं लिहून ठेवत. ते परत येईपर्यंत मुलगा ती सोडवत बसे.

या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग गणिताचा नाही, तर वडील निघून जातात हा आहे. ते शेजारी बसून 'आता हे असं कर' म्हणत नाहीत. दिवसभर मुलगा, जमीन आणि प्रश्न एवढेच असतात. चुकलं तर पुसायचं, पुन्हा मांडायचं. संध्याकाळी कोणीतरी ते बघणार आहे, एवढी खात्री मात्र असते. पुढे हिंदू स्कूलमध्ये उपेंद्रलाल बक्षी या गणिताच्या शिक्षकांनी या मुलाला शंभरपैकी एकशे दहा गुण दिले, असं सांगतात. कारण त्याने काही उदाहरणं एकापेक्षा जास्त रीतींनी सोडवली होती. घाई न करता एका प्रश्नाभोवती हिंडण्याची सवय कुठून आली असेल, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक तपशील पालकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९०८ मध्ये एन्ट्रन्स परीक्षेच्या तोंडावर बोस यांना कांजिण्या आल्या आणि त्यांचं वर्ष गेलं. ते वर्ष त्यांनी वरच्या वर्गाचं गणित आणि संस्कृत वाचण्यात घालवलं, १९०९ मध्ये परीक्षा दिली आणि पाचवे आले. एक वर्ष मागे पडल्याने त्यांचं काही बिघडलं नाही.

अगदी अशीच गोष्ट एका मराठी घरात घडली, तीही महाराष्ट्राबाहेर. जयंत नारळीकर यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत. त्यांनी घरात मुलांसाठी फळे लावले होते. मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, शिकायला त्यांच्याकडे राहत होते. ते फळ्यावर जयंतासाठी एखादं आव्हानाचं गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत किंवा जयंत हार मानेपर्यंत पुसायचं नाही, असा रिवाज होता. कोलकाता आणि बनारस यांच्यात अंतर बरंच आहे, काळही वेगळा, पण पद्धत तीच.

आधी झोप मोजा

'आमचं मूल झोपतच नाही' असं म्हणणाऱ्या घरात प्रत्यक्ष मोजदाद क्वचितच झालेली असते. दोन आठवडे एका वहीत लिहा: दिवा किती वाजता मालवला, डोळा किती वाजता लागला, मधे जाग आली का, सकाळी स्वतःहून उठलं की उठवावं लागलं, दुपारी किंवा शाळेच्या गाडीत डुलकी लागली का. शनिवार-रविवारची नोंद वेगळी ठेवा. चोवीस तासांची बेरीज करा, कारण लहान मुलाच्या झोपेत दुपारची झोपही धरायची असते.

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये दिलेला हिशेब असा: एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि त्यापुढे अठरापर्यंत ८ ते १० तास. या पट्ट्या रुंद आहेत. चार वर्षांचं एक मूल साडेदहा तास झोपतं आणि शेजारचं पावणेतेरा तास, तर दोघंही ठीक आहेत. पहिल्याची आई मात्र रोज दोन तास जास्त जागते, आणि तिला वाटतं की आपल्याच मुलात काहीतरी वेगळं आहे.

आकड्यापेक्षा दिवस अधिक खरं सांगतो. मूल स्वतःहून उठतं, दिवसभर प्रसन्न असतं, संध्याकाळी रडकुंडीला येत नाही, तर त्याची गरजच बहुधा थोडी कमी आहे. सुट्टीच्या दिवशी ते दोन तास उशिरापर्यंत झोपत असेल, तर आठवडाभर त्याची झोप अपुरी पडते आहे, असं समजावं.

हुशारी आणि जागरण

हुशार मुलांना झोप कमी लागते, हा समज सगळीकडे आहे आणि तो धोक्याचा आहे. लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातल्या असामान्य बुद्धीच्या शेकडो मुलांचा अभ्यास करून १९२५ मध्ये पहिला ग्रंथ छापला. त्यातली मुलं इतर मुलांपेक्षा कमी नव्हे, उलट थोडी जास्तच झोपत होती. कमी झोपणारी हुशार मुलं असतात, यात शंका नाही. पण कमी झोप ही हुशारीची खूण नाही, आणि जागरणाने हुशारी वाढत तर नाहीच.

जन्मतःच कमी झोप लागणारी माणसंही आहेत. २००९ मध्ये यिंग-हुई फू यांच्या गटाने कॅलिफोर्नियात एका कुटुंबातला असा जनुकबदल शोधला, ज्यामुळे मोठेपणी साधारण सहा तासांच्या झोपेवर माणूस ताजातवाना राहतो. पण अशी माणसं फार दुर्मीळ आहेत. आपलं मूल त्यांतलंच आहे, असं ठरवून मोकळं होऊ नये.

शिकणाऱ्या मुलाला झोप अधिकच का हवी, याचं कारण मेंदूच्या कामात आहे. दिवसभरात घेतलेली माहिती आधी मेंदूच्या एका भागात तात्पुरती राहते आणि झोपेत तिची पुन्हा उजळणी होऊन ती कायमच्या जागी जाते. जे मूल दिवसाला पन्नास नव्या गोष्टी उचलतं, त्याला ही उजळणी इतरांपेक्षा कमी लागेल, असं मानायला काही आधार नाही.

मग अशी मुलं जागी का राहतात? पुष्कळदा साधं कारण असतं. त्यांचं मन थांबत नाही. अंधार झाला, आवाज थांबले की दिवसभराचे सगळे प्रश्न एकदम समोर येतात. त्यात भर म्हणून दमलेलं लहान मूल मोठ्यांसारखं पेंगत नाही, ते उलट जास्त चेकाळतं, जास्त बोलतं, जास्त धावतं. पाहणाऱ्याला वाटतं, याला झोपच आलेली नाही.

डॉक्टरांकडे कधी

मूल घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, तर वाट पाहू नका. नाकामागची ग्रंथी किंवा टॉन्सिल वाढल्याने झोप तुटते आणि दिवसा मूल चिडचिडं किंवा अतिचंचल दिसतं. पाय सतत हलवत असेल, पायात वळवळ होते म्हणत असेल, तर रक्तातलं लोह तपासून घ्यावं. लोहाची कमतरता आपल्याकडे घरोघरी आहे. लक्ष एकाग्र न होणं आणि अस्वस्थपणा, हे झोपेच्या अभावानेही होतं आणि लक्षाच्या विकारानेही. कधी दोन्ही असतात, आणि हुशारी या दोन्हींना झाकून टाकते. हा निवाडा बालरोगतज्ज्ञ आणि बालमानसतज्ज्ञ यांनीच करायचा. झोपेच्या गोळ्या आणि दुकानात मिळणाऱ्या मेलाटोनिनच्या गोड गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

पावणेपाचची पहाट

महाराष्ट्रातून कोलकात्याला आलेल्या कुटुंबांच्या एक गोष्ट लवकर लक्षात येत नाही. जूनमध्ये मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, कोलकात्यात पाचच्याही आधी. उजेड तर साडेचारलाच खिडकीत येतो. देशाचं घड्याळ एकच आहे, पण सूर्य तासाभराने पुढे आहे. ज्या मुलाची झोप मुळातच सावध, त्याचे डोळे या उजेडाने उघडतात आणि रात्रीची निजायची वेळ मात्र शहराच्या सवयीने उशिराचीच राहते. जाड, गडद पडद्यांनी अशा घरात पाऊण-एक तासाची झोप परत मिळू शकते. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

दुसरी अडचण सकाळच्या शाळेची. कोलकात्यात अनेक शाळांचे प्राथमिक वर्ग सकाळच्या पाळीत भरतात. मुलांना साडेपाचला उठवावं लागतं. मग रात्री नऊला दिवा मालवला, तरच साडेआठ तासांचा हिशेब बसतो, आणि सात वर्षांच्या मुलाला तोही कमीच आहे. अशा घरात दुपारची अर्ध्या तासाची झोप चैन समजू नये. तिसरी गोष्ट चहाची. संध्याकाळच्या जलखाबारबरोबर, म्हणजे नाश्त्याबरोबर, मुलांनाही दुधाळ चहा द्यायची पद्धत काही घरांत आहे. झोप कमी असलेल्या मुलाच्या बाबतीत ती बंद करावी, कोला आणि रात्रीचं चॉकलेटही.

दुर्गापूजेच्या चार रात्री मुलं जागणारच, त्यांना जागू द्यावं. सण वर्षातून एकदा येतो, बिघडवतात त्या रोजच्या रात्री.

ठाकुरांच्या घरचा दिनक्रम

कोलकात्यातल्या जोडासाँकोच्या वाड्यात रवींद्रनाथ ठाकुर (टागोर) यांचं बालपण कसं गेलं, ते त्यांनी 'जीवनस्मृती' आणि 'छेलेबेला' या पुस्तकांत स्वतःच लिहिलं आहे. उजाडण्यापूर्वी कुस्ती, मग वैद्यकीय विद्यार्थ्याकडून हाडांची नावं, मग गणित, बांगला, शाळा, परत आल्यावर व्यायाम, चित्रकला, आणि रात्री दिव्यापाशी अघोरबाबूंचं इंग्रजी. त्या वेळी डोळे मिटू लागत. मास्तर दुसऱ्या एका विद्यार्थ्याचं उदाहरण देत, जो झोप उडवण्यासाठी डोळ्यांत तपकीर चोळत असे. एखाद्या रात्री व्हरांड्यातून जाणाऱ्या मोठ्या भावाला धाकट्याची पेंग दिसे आणि तो सुट्टी देई. सुट्टी मिळाली, की झोप कुठल्या कुठे पळे.

हा वृत्तान्त मला फार बोलका वाटतो. आजच्या कोलकात्यात शाळेनंतर शिकवणी, शिकवणीनंतर आवृत्ती (म्हणजे कवितापठण), तबला, चित्रांची स्पर्धा, बुद्धिबळ असं चालतं, आणि हुशार मुलाच्या वाट्याला ते जास्त येतं, कारण 'त्याला जमतं'. रवींद्रनाथांनाही जमत होतंच. ते शाळेत मात्र टिकले नाहीत, एकामागून एक शाळा सुटल्या.

१८७३ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, वडील देवेंद्रनाथ त्यांना घेऊन बोलपूर, अमृतसर आणि पुढे डलहौसीच्या डोंगरात गेले. तिथेही शिस्त होती. पहाटे अंधारात उठवून संस्कृतची रूपं म्हणून घेतली जात, मग थंडगार पाण्याची आंघोळ. पण दुपारी धडा सुरू झाला की पहाटेची राहिलेली झोप मुलाच्या डोळ्यांवर येई, आणि वडील ते पाहून पुस्तक मिटत. मग हातात काठी घेऊन मुलगा एकटाच डोंगरात हिंडे. वडिलांनी त्याला कधी अडवलं नाही. प्रवासात त्यांनी त्याच्याकडे पैशांचा हिशेब दिला, आपलं किमती सोन्याचं घड्याळ रोज किल्ली द्यायला दिलं. मुलाने इतक्या उत्साहाने किल्ली दिली की घड्याळ दुरुस्तीला कोलकात्याला पाठवावं लागलं. संध्याकाळी ते त्याला आकाशातले तारे दाखवत.

घड्याळ बिघडलं तरी विश्वास ठेवायचा, मूल पेंगलं तर पुस्तक मिटायचं. प्रज्ञावंत मुलाच्या संगोपनावर यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

रात्रीची शाळा बंद

आता रोजच्या रात्रीबद्दल. निजायच्या आधीच्या तासात नवीन काही द्यायचं नाही. नवं पुस्तक, नवं कोडं, नवा व्हिडिओ, काहीही नाही. शंभरदा ऐकलेली गोष्ट चालेल. पडदा, मग तो फोनचा असो वा टीव्हीचा, या तासात बंद. 'शैक्षणिक' व्हिडिओला सूट नाही, उलट या मुलांच्या बाबतीत तोच जास्त जागवतो.

मूल अंथरुणात जागं राहिलं तर त्याच्याशी भांडू नका. झोप हुकमाने येत नाही. पण नियम एक असावा: रात्र अंथरुणातली आहे, आणि मोठी माणसं उत्तरं द्यायला उपलब्ध नाहीत. मंद दिव्यात ओळखीचं पुस्तक चाळायला हरकत नाही. प्रश्नांसाठी उशाशी वही ठेवा. लिहिता येत नसेल तर तुम्ही एका ओळीत लिहा, सकाळी चहाच्या वेळी उत्तर शोधा, आणि खरोखर शोधा. एकदा जरी विसरलात तरी मूल वहीवर विश्वास ठेवणार नाही, पुन्हा रात्रीच विचारेल. उठण्याची वेळ मात्र सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त हलवू नका.

जगदीशचंद्र बोस यांचे वडील भगवानचंद्र दिवसभराच्या सरकारी कामानंतर थकलेले असत, तरी ते मुलाचे दिवसभराचे प्रश्न ऐकून घेत. ज्याचं उत्तर माहीत नसे तिथे 'मला माहीत नाही' असं सरळ सांगत. हे वाक्य हुशार मुलाच्या घरात वरचेवर ऐकू आलं पाहिजे. ज्याच्या घरात मोठ्यांना सगळं माहीत असतं, त्या मुलाला शोधायला काही उरत नाही.

दिवसाची भूक

दिवसा पोट भरलं, तर रात्री मन लवकर शांत होतं. बुद्धीचं तसंच शरीराचंही. मैदानावर रोज तासभर धावणं हा झोपेचा भाग समजावा. मग विषय. वरच्या इयत्तेची पुस्तकं भराभर संपवण्यापेक्षा एकाच गोष्टीत खोल जाऊ द्या. ट्रामच्या नकाशात रमणाऱ्या मुलाला ट्रामच घ्या: तिची वीज कुठून येते, रूळ कसे जोडतात, मार्ग का बंद झाले.

या बाबतीत कोलकात्यासारखं शहर भारतात क्वचितच असेल. १८१४ मध्ये स्थापन झालेलं इंडियन म्युझियम, गुरुसदय रोडवरचं १९५९ पासूनचं बिर्ला औद्योगिक संग्रहालय, १९६३ मध्ये उद्घाटन झालेलं तारांगण, १९९७ पासूनची सायन्स सिटी, कॉलेज स्ट्रीटवरची जुनी पुस्तकं, हिवाळ्यातला बोईमेला, म्हणजे पुस्तकांची जत्रा. सत्येंद्रनाथ बोस यांनीच १९४८ मध्ये बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली, मातृभाषेत विज्ञान पोहोचावं म्हणून. एका दिवशी एकच ठिकाण, आणि त्यातलंही एकच दालन. मूल जिथे रेंगाळेल तिथे थांबा.

आणि त्याला रिकामा वेळ द्या. खरा रिकामा, कोणी काही न सुचवलेला.

वय पाच, प्रश्न पंधराचे

लीटा हॉलिंगवर्थ या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विलक्षण बुद्धीच्या मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. मोठ्यांची बुद्धी आणि मुलाच्या भावना एकाच लहान देहात असणं हीच या मुलांची खरी अडचण, असं त्यांनी दाखवलं. मृत्यूबद्दल विचारणारं पाच वर्षांचं मूल त्या उत्तराने पाच वर्षांच्या मुलासारखंच घाबरतं. रात्री न झोपण्यामागे पुष्कळदा हीच भीती असते. तेव्हा माहिती देऊ नका, जवळ घ्या.

बुद्ध्यंक मोजण्याची घाई नको. शाळेत वरच्या वर्गात घालण्यासारखा निर्णय घ्यायचा असेल तेव्हाच तज्ज्ञाकडून चाचणी करून घ्यावी. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी घडवली होती, म्हणजे हा विषय आपल्याकडेही जुनाच आहे. पुण्यात अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती प्रज्ञावंत मुलांसाठी, आणि त्यांच्या बुद्धीला समाजाच्या कामाची दिशा मिळावी म्हणून. शाळेशी बोलताना 'आमचं मूल फार हुशार आहे' याने सुरुवात करू नका. त्याने केलेलं काम दाखवा आणि एकाच गोष्टीची विनंती करा: गणिताच्या तासाला दुसरं पुस्तक वाचू द्या, किंवा तेवढ्या तासापुरतं वरच्या वर्गात बसू द्या. एवढं पुष्कळ शाळा मान्य करतात.

मुलाचे व्हिडिओ करून चारचौघांत फिरवू नका. अमेरिकेत विल्यम सिडिस हा मुलगा १९०९ मध्ये अकराव्या वर्षी हार्वर्डमध्ये गेला आणि वर्तमानपत्रांनी त्याचा पिच्छा सोडला नाही. मोठेपणी तो लोकांपासून लपून राहिला.

आईवडिलांची झोप

हा भाग शेवटी आला, तरी करायचा तो सर्वांत आधी. रात्री तीनदा उठणारी आई सकाळी शांतपणे उत्तर देऊ शकत नाही. पाळ्या लावा: एक रात्र आईची, एक बाबांची. आजी-आजोबा जवळ असतील तर आठवड्यातली एक पहाट त्यांच्याकडे सोपवा. पहाटे उठणाऱ्या मुलाचा आणि पहाटे उठणाऱ्या आजोबांचा मेळ फार छान जमतो. कोलकात्यात नातेवाईक नसतील, तर हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात जाऊन ओळखी करा, शेजारच्या मासीमांशी बोला. एकट्याने हे मूल वाढवायचा हट्ट धरू नका. आणि आज रात्री अकरानंतर जो प्रश्न येईल, तो वहीत लिहून तुम्हीही झोपा.